रोज हजर

बंटीने गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि गणराजला वाटलं, आपण एक तर मेलोय, नाही तर आज आपलं लग्न तरी आहे. त्याच्या आळीत माणसासाठी दार उघडून धरतात ते या दोनच वेळेला. गाडी पांढरी, धुतलेली, आतून गार. दारावर कंपनीचं हिरवं पान काढलेलं, आणि पानाखाली इंग्रजीत लिहिलेलं की आम्ही काळजी घेतो. कालच तर बोटं गेली होती. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली ती मधल्या पेराच्याही खालून. चाकणच्या एका खासगी दवाखान्यात टाके घातले, इंजेक्शन दिलं, संध्याकाळी घरी आणून सोडलं, आणि सकाळी बरोबर शिफ्टच्या वेळेला ही गाडी दारात. "चला दादा," बंटी म्हणाला. बंटी कंपनीचा नव्हे, कंत्राटदाराचा ड्रायव्हर. "मॅडमनी सांगितलंय, सांभाळून आणायचं. खड्ड्यात गाडी आपटली की माझी नोकरी आपटली." गणराजने विचारलं, "कुठं जायाचं?" "कुठं म्हणजे? कामावर." गणराजने हाताकडे बघितलं. पांढऱ्या पट्टीतला हात त्याने दुसऱ्या कुणाचं तरी तान्हं पोर सांभाळायला दिल्यासारखा छातीशी धरला होता. "काम न्हाई करायचं हो," बंटी हसला, "नुसतं यायचं." ओट्यावर त्याचा बाप, सावळाराम, तंबाखू मळत बसला होता. त्याने चुना झटकला आणि शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जा की. साहेबाची गाडी आलीया न्यायला. माझी हयात गेली, मला बघून यष्टी न्हाई थांबली कधी." म्हाताऱ्याच्या आवाजात खरंच अभिमान होता. गणराजला त्याचा राग यायला हवा होता. पण गोळीच्या गुंगीत राग कुठे ठेवलाय तेच सापडेना, आणि तो गाडीत बसला. एवढंच केलं त्याने. बसला. माणसाची फसगत होते तेव्हा वाजंत्री वाजत नाही, मऊ सीटवर बसायला सांगतात.

गेटवर हजेरीचं मशीन. इतकी वर्षं उजव्या हाताचं पहिलं बोट त्या काचेवर टेकवायचं, मशीनमधली बाई इंग्रजीत आभार मानायची, आत जायचं. सवयीने हात पुढे गेला, काचेला पट्टी लागली, आणि बाई म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. पुन्हा तेच. मागे लाइन खोळंबली, कुणीतरी ओरडलं, "काय राव, मुहूर्त बघताय का?" मग कॉम्प्युटरवाला पोरगा लॅपटॉप घेऊन पळत आला, त्याने डाव्या अंगठ्याची नोंद केली आणि म्हणाला, "झालं. आता तुम्ही परत तुम्हीच." अख्ख्या कंपनीत खरं बोललेली ती एकटी बाई, तिलाही गप्प केलं. नंतर काचेच्या खोलीत बसवलं. तिथे सोफा होता, भिंतीवर प्लास्टिकच्या खणांत लावलेली झाडं होती आणि समोर हा मोठा बोर्ड: पर्यावरण, समाज, सुशासन – आमचं वचन. गणराजला हे तीन शब्द रोज येता-जाता दिसत होते. पण त्यांच्यासमोर असं दिवसभर बसायची वेळ आली नव्हती. प्रेसवर उभं राहून राहून पायांत गोळे आलेल्या माणसाला बसायला मिळालं तर तो आधी सुखावतो. तोही सुखावला, खोटं कशाला सांगायचं. हर्षाली मॅडम आल्या. ताथवड्याला राहणारी, तिशीही न गाठलेली पोरगी, कंपनीचं हे हिरवं खातं तिच्याकडे होतं. तिने स्वतःच्या हाताने त्याला चहा दिला. "दादा, दुखतंय का? गोळ्या घेतल्या? काहीही लागलं तर मला सांगा. तुम्ही आलात ना, बास." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं हे गणराजला कुणी शिकवलं नव्हतं.

तो बसून राहिला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी. काचेपलीकडे लाइन चालू होती, त्याच्या प्रेसवर दुसरं कुणी उभं होतं, आणि दर ठोक्याला काच हलकीशी थरारायची. तो थरार सोफ्यातून मणक्यात यायचा. डोळे मिटले की दौलतराव चुलता दिसायचा. गणराज लहान असताना चुलत्याचा हात कडबाकुट्टीत गेला होता. काय बोंब झाली होती त्या दिवशी! सगळं गाव गोठ्यात. बाया रडतायत, कुणी हळद आणतंय, कुणी जीप काढतंय. आजीने तुटलेला तुकडा फडक्यात घेतला, वर मीठ घातलं आणि बांधावर जाऊन पुरला, की कुत्र्यामांजराच्या तोंडी जाऊ नये. त्या दिवसापासून चुलता मरेपर्यंत थोटा दौलतराव. नाव वाईट, तोंडावर म्हणायचे, पोरं तर गाणं करायची. पण त्या नावात ती दुपार होती, ते मशीन होतं, तो हात होता. गाव त्याला रोज हाक मारायचं आणि रोज कबूल करायचं की होय, हे तुझ्यावर आलं. गणराजला असं नाव नव्हतं. त्याच्या बोटांचं काय झालं हे त्याला विक्कीकडून कळलं. विक्की त्याच्या शेजारच्या प्रेसवरचा, पिंपळे गुरवहून यायचा, तोंडाचा फाटका. जेवणाच्या सुट्टीत काचेच्या खोलीत शिरला, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "भावा, तुझ्या बोटांनी मीटिंग लावली. डबे आपल्याकडं चार रंगांचे. ओला, सुका, भंगार, घातक. झाडूवाली मावशी फावडं घेऊन उभी, सुपरवायझर म्हणतो ओल्यात टाक, दुसरा म्हणतो अरे ऑइल लागलंय, घातक. ऑडिटला चुकीचा डबा निघाला तर मार्क जातात राव!" तो हसला. गणराजही हसला. हसता हसता तो झाडांच्या खणांकडे बघायला लागला. "मग कशात टाकली?" त्याने विचारलं. विक्कीने आपला डबा उघडून निम्मी चपाती त्याच्यापुढे धरली.

मॅडमनी त्याला काम दिलं. बसून कंटाळता म्हणून, असं म्हणाल्या. झाडांवर फवाऱ्याने पाणी मारायचं, डाव्या हाताने. कागदावर त्याला म्हणतात हलकं काम. गणराज पाणी मारायचा आणि मध्येच थांबायचा, कारण पहिलं बोट खाजत असायचं. नसलेलं. टोकाशी, नखाच्या कडेला, जिथे लहानपणी बाभळीचा काटा मोडला होता तिथे. एवढं स्पष्ट, की तो डावा हात खाजवायला न्यायचा आणि हवेत थांबायचा. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, मेंदूला अजून कळलेलं नसतं. मेंदूला कळलेलं नाही, मशीनला कळू दिलेलं नाही, बोर्डावर नाही, कशात नाही. कधी कधी त्या गारव्यात बसून त्याला वाटायचं, खरंच काही झालं नसेल. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बिघडलेला होता, तो बदला म्हणून लाइनवरून कितीदा सांगून झालं होतं, माल थांबवता येत नाही म्हणून तसाच चालवला, वरचा भाग अवेळी खाली आला – हे सगळं आपण कुठेतरी ऐकलं असेल, दुसऱ्या कुणाचं असेल. आपण एक झाडांना पाणी घालणारा माणूस आहोत. पट्टीखाली बोटं असतील. पट्टी काढली की ती पाचही नीट, जरा पांढरी पडलेली, सुरकुतलेली निघतील. आणि कुणी विचारलं की तो सांगायचा, "लागलंय जरा." हे शब्द त्याचे नव्हते. पहिल्या दिवशी सुपरवायझर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "काही नाही सर, लागलंय जरा," तिथून ते त्याच्या तोंडात आले आणि राहिले. वाण्याला सांगितलं लागलंय जरा. मेव्हणीचा फोन आला, तिला तेच. ती तर म्हणाली, "दाजी, गाडी येते म्हणं आता न्यायला. साहेब झालात, पेढे द्या." वर्षाराणी, त्याची बायको, चुलीपाशी बसून ऐकत होती. जेवताना तिने त्याच्यापुढे चमचा ठेवला, आणि तो चमचा बघून गणराजने ताट सारलं. "माझ्यावर कशाला?" ती म्हणाली. "तिकडं दाखवा की राग. झाडाची पानं मोजत्यात म्हणं तुमच्या कंपनीत. माणसाची बोटं मोजाया येत न्हाईत व्हय त्यांना?" सावळाराम म्हणाला, "तू गप गं. पोराला कायम करणार हायेत. शब्द दिलाय त्यांनी." "कुणाला दिलाय शब्द?" ती म्हणाली. "ह्यांना? ह्यांना तर काय झालंच न्हाई."

कायम करणार हे खरं होतं, म्हणजे बोलले होते. बाहेरची माणसं तपासायला येणार होती. कंपनी जगाकडे, माणसाकडे, कायद्याकडे कशी बघते याचे गुण देणारी माणसं. त्या गुणांवर परदेशातलं गिऱ्हाईक टिकायचं की जायचं ते ठरणार होतं. ती येऊन गेली की कंत्राटावरच्या गणराजचं नाव कायमच्या यादीत. विक्कीला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच हसला नाही. विक्कीचा बाप पिंपरीतल्या एका जुन्या कारखान्यात युनियनचा माणूस होता, कारखाना बंद पडला तरी बापाच्या तोंडची भाषा पोराकडे आली होती. "ऐक. कागदावर तुला खरचटलंय. मलमपट्टी. का माहितीये? तू एक दिवस घरी बसला नाहीस म्हणून. माणूस अपघाताने एक दिवस जरी घरी बसला ना, की तो अपघात कंपनीच्या अहवालात चढतो. म्हणून ती गाडी. ती काय तुझ्या प्रेमाने येते का? उद्या ऑर्डर कमी झाली, कंत्राट फाडलं, तू गेटबाहेर. मग जाशील विम्याच्या दवाखान्यात हात दाखवायला. ते म्हणतील, हा तर रोज कामावर हजर, अधू कुठाय? आयुष्यभर मिळायची ती पेन्शन गेली. बोटंही गेली आणि गेली हेही गेलं." "मग काय करू?" "एक दिवस घरी बस. एकच." "आणि कायमचं?" विक्कीने खांदे उडवले. "ते मी नाही सांगणार भावा. तुझी बायको, तुझा बाप, तुझा हात. मी सांगायला मोकळा, मला दहाच्या दहा आहेत."

गणराजला वाटलं होतं की मॅडमना हे माहीत नसेल. एवढी चांगली पोरगी. म्हणून त्याने विचारलं, सरळ. ती त्याला शपथेचा कागद द्यायला आली होती. कंपनीत शिफ्टच्या आधी सगळे ओळीत उभे राहून उजवा हात पुढे करून सुरक्षिततेची शपथ घेतात. पाहुण्यांसमोर ती शपथ गणराजने सांगायची असं ठरलं होतं, बाकीच्यांनी मागून म्हणायची. त्याचा आवाज चांगला. गावच्या बैलगाडा शर्यतीत घाटावर माइक तोच धरायचा. बारी सुटली की त्याचा आवाज बैलांच्या पुढे पळतो असं लोक म्हणायचे. मॅडमनी तो व्हिडिओ बघितला होता. "काय आवाज आहे दादा तुमचा! अंगावर काटा आला. तुम्हीच सांगा शपथ. हात... हात खाली ठेवलात तरी चालेल. मागच्या खिशात वगैरे." गणराज म्हणाला, "मॅडम, एक विचारू? मी उद्या आलो न्हाई तर?" "बरं वाटत नाहीये का? मी डॉक्टरांना इकडेच बोलावते." "तसं न्हाई. नुसतंच आलो न्हाई तर." मॅडमनी कागदाची घडी केली, उलगडली. "नाही आलात तर मग... मग ते घडलं असं धरावं लागतं." "आणि आलो तर?" ती काचेपलीकडे बघायला लागली. "दादा, मी नवीन आहे. मी मांडून बघितलं होतं वर, की आपण हे खरं दाखवू, त्यातून सुधारणा दाखवू. ते म्हणाले, पुढच्या वर्षी. या वर्षी अहवालात अपघात शून्य असंच जायला पाहिजे. पुढच्या वर्षी मी सेन्सर सगळे बदलून घेणार आहे, शपथ सांगते." गणराजला तिची दया आली आणि दया आली याचीच चीड आली. हात ह्याचा तुटायचा, आणि समजूतही ह्यानेच काढायची. "ऱ्हाऊ द्या मॅडम," तो म्हणाला. "म्हणतो मी शपथ." आणि त्याने खरंच ठरवलं होतं. कायम व्हायचं. बाप ओट्यावर बसून सांगेल. बायको बोलेल चार दिवस, मग गप्प बसेल. घडलं नाही तर घडलं नाही. जगात कितीतरी गोष्टी घडत नाहीत.

तपासणीच्या दिवशी गाडी लवकर आली. आत नवा गणवेश ठेवलेला होता, इस्त्रीचा, लांब बाह्यांचा. बाह्या बरोबर बोटांपर्यंत येणाऱ्या. बंटीने तो घालायला मदत केली, बटणं लावली. चाकणच्या चौकाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या, नेहमीसारख्या. कंटेनर, टेंपो, कंपन्यांच्या बसगाड्या, मधून घुसणाऱ्या दुचाक्या. कुणीच कुठे जात नव्हतं आणि सगळे हॉर्न वाजवत होते. गणराज शपथ मनात म्हणत होता. मी अशी प्रतिज्ञा करतो की माझ्या कंपनीत माझ्या कोणत्याही सहकाऱ्याला इजा होऊ देणार नाही, आणि झाल्यास ती लपवणार नाही. हे वाक्य कागदावर होतं. कुणीतरी ते टाइप केलं होतं, कुणीतरी वाचून सही केली होती, आणि कुणाचाही हात थांबला नव्हता. बंटीने पुढच्या रिक्षावाल्याला शिवी घालायला काचा खाली केल्या. शेजारी कांद्याचा टेंपो उभा होता, अगदी खेटून. त्याच्या खिडकीत कोपर टेकून बसलेला म्हातारा ड्रायव्हर गणराजकडे बघत होता. कुठल्या तरी दूरच्या गावचा, अंगात मळकी बंडी. त्याची नजर बाहीतून बाहेर आलेल्या पट्टीवर गेली, त्याने हनुवटी वर करून विचारलं, "काय झालं रं लेकरा?" आणि गणराज म्हणाला, "लागलंय जरा."

म्हाताऱ्याने मान हलवली. टेंपो वीतभर पुढे सरकला. गणराज तसाच बसून राहिला आणि त्याच्या कानशिलांत गरम काहीतरी चढत गेलं. या माणसाशी खोटं बोलायला त्याला कुणी सांगितलं होतं? हा ना कंपनीचा, ना कंत्राटदाराचा, ना गुण देणारा. पुन्हा जन्मात न दिसणारा माणूस. त्याने लेकरा म्हणून विचारलं, दोन क्षण बघितलं, आणि याने त्यालाही शून्य दिलं. वरून सांगितलेलं खोटं एक वेळ पोटासाठी बोलता येतं. पण आता ते सांगावं लागत नव्हतं, आपोआप येत होतं, ढेकर यावी तसं. अजून थोडे दिवस, मग तो स्वतःलाही हेच सांगणार. सांगतच होता की. झाडांना पाणी घालताना पट्टीखाली पाच बोटं शोधणारा माणूस कोण होता? त्याला भीती वाटली. प्रेस खाली आली तेव्हाही वाटली नव्हती एवढी, कारण तेव्हा वेळच नव्हता. डाव्या हाताने त्याने दार उघडलं. बंटी दचकला. "दादा, काय झालं? उलटी का?" "न्हाई. मी जातो." "कुठं जाताय? नऊला शपथ आहे! ओ दादा, असं नका करू राव, मला विचारतील, कुठं सोडला म्हणून." गणराज एक पाय रस्त्यावर ठेवून थांबला. बंटीच्या घरीही चुलीपाशी कुणीतरी होतंच. "काय सांगशील?" त्याने विचारलं. बंटीने आरशात त्याच्याकडे बघितलं, मग पुढच्या रिक्षाकडे. हॉर्नवर जोरात हात मारला. "सांगीन की ट्रॅफिकमध्ये पाठी वळून बघितलंच नाही. चला, निघा लवकर. मागं कंपनीची बस आहे."

दोन गाड्यांच्या मधून तो अंग चोरून निघाला, हात डोक्यावर धरून, म्हणजे कुठे आपटू नये. चौकाच्या पलीकडे शेअर रिक्षा मिळाली. रिक्षात फोन वाजायला लागला. आधी सुपरवायझर, मग परत सुपरवायझर, मग मॅडम. मॅडमचा त्याने घेतला. "दादा, कुठे आहात? सगळे ओळीत उभे आहेत. पाहुणे चहा घेतायत." मागे माइक तपासणाऱ्याचा आवाज येत होता. "मी आलो न्हाई मॅडम आज," तो म्हणाला. माइकचा आवाज लांब गेला, ती बाजूला आली असावी. मग ती एकदम हळू बोलली, "दादा, माझं जाईल हो सगळं." "माझं गेलंय मॅडम," गणराज म्हणाला. त्याला वाटलं होतं हे म्हणताना आवाज चढेल. पण तो साध्या आवाजात बोलला, कुणाला वाट सांगावी तसा. तिने फोन ठेवला नाही, त्यानेही ठेवला नाही. रिक्षा खड्ड्यातून गेली, टाक्यांतून कळ थेट खांद्यात आली, आणि मग आपोआप फोन बंद झाला.

विम्याच्या दवाखान्यात गर्दी होती. बाकावर बायका, लेकरं, पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस. पंखा फिरत होता आणि वारा कुणालाच लागत नव्हता. इथे कुणी त्याला चहा दिला नाही, दार उघडून धरलं नाही. "मागं व्हा, लाइनीत या" असं शिपाई खेकसला, आणि गणराजला ते खेकसणं बरं वाटलं. खिडकीशी पोचायला दुपार झाली. पलीकडे एक जाडजूड बाई, नाकावर चष्मा. तिने त्याच्या इस्त्रीच्या गणवेशाकडे बघितलं, छातीवरच्या हिरव्या पानाकडे बघितलं, आणि पेन उचललं. "कार्ड. हं. कामावर कधीपासून गेला नाहीत?"

"आजपासून," गणराज म्हणाला.

तिने वर बघितलं. "आजपासून? आणि जखम तर जुनी दिसते. इतके दिवस काय करत होता?"

"जात होतो. बसवत होते."

मागच्या माणसाने च्यक् केलं. बाईने पेन खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्यांदाच नीट त्याच्या हाताकडे बघितलं. "सोडा ती पट्टी," ती म्हणाली. त्याने दातांनी गाठ सोडली. पट्टीचा एकेक वेढा निघत गेला. शेवटचा चिकटलेला होता, तो त्याने ओढला. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर हात ठेवला. तीन बोटांचा, टाक्यांचा, काळानिळा. तो स्वतः त्याच्याकडे बघत होता. खाजत होतं, अजूनही, तिथेच. पण तिथे काही नव्हतं.

"अरे देवा," बाई म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून बसली. "झालं काय?"

"तुटली," तो म्हणाला. "कंपनीत. कंपनीत तुटली बाई. लिवा."